पंप कोण मारत होतं

आधी ते मोबाईल उपडे ठेवा. आणि तू रे ढेरपोट्या, दाराकडे पाठ करून बस. का म्हणून विचारू नकोस, कळेल.

आजवर मी तुम्हाला पुष्कळ थापा मारल्या. गच्चीवरच्या टाकीत बाई रडते म्हणालो, आणि तुमची आत्या दोन दिवस शेजाऱ्यांकडे आंघोळीला गेली. ती थाप होती, कबूल. आजची नाही. ही आपल्या मिस्त्रीची गोष्ट आहे, डिझेलच्या गाड्या दुरुस्त करतो त्याची. त्यानं स्वतः सांगितली. मी सातवी नापास माणूस, एवढं रचायची अक्कल मला असती तर आज तुमच्यासारख्या माकडांपुढे बसलो असतो का?

तर गेल्या साली, नोव्हेंबरातली अकरा तारीख. मंगळवार. रात्री साडेनऊला मिस्त्रीचा जावई आपली जुनी पिकअप घेऊन सासऱ्याच्या दारात आला. बायको शेजारी बसलेली, दिवस भरलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शहरातल्या दवाखान्यात तिचं ऑपरेशन ठरलं होतं. पहाटे पाचला इथून निघायचं. पण गाडीत डिझेलचा वास. पोरीला वाटेत तीनदा उलटी झाली.

"मामा, कुठूनतरी गळतंय," जावई म्हणाला. "रोज सकाळी गाडीखाली बशीएवढा डाग असतो."

"मग बशी लावून ठेवायची होती, जावईबापू. चहासारखं प्यायला झालं असतं."

पोरगी हसली. घरातून तिची काकू आली, तिला हाताला धरून आत घेऊन गेली. ही काकू म्हणजे मिस्त्रीच्या धाकट्या भावाची बायको. भाऊ अकरा वर्षांपूर्वी गेला. मिस्त्रीची बायको तर त्याच्याही आधी. पोरीला वाढवलं ते या काकूनंच.

घरामागे मिस्त्रीची पत्र्याची शेड. गाडी आत घेतली, बॉनेट उघडलं. आता गळती शोधायची म्हणजे कशी, ऐका, फुकटात शिकवतोय. डिझेल गळतं एका जागी आणि टपकतं भलत्याच जागी. पाइपावरून, नटावरून वाट काढत येतं. म्हणून आधी सगळं फडक्यानं कोरडं करायचं. मग वर पावडर भुरभुरायची. जिथून पावडर ओली होत निघाली, तिथे चोर. मिस्त्रीनं पोरीच्या बॅगेतून पावडरचा डबा मागवला आणि इंजिन असं माखलं की नवरदेव बरा.

पण इंजिन बंद असताना डिझेल धावणार कसं? त्यासाठी एक छोटा हातपंप असतो. त्याला काळी प्लास्टिकची मूठ. ती खालीवर केली की खच, खच, डिझेल पुढे ढकललं जातं. हे काम दोघांचं. एकानं वर उभं राहून पंप मारायचा, दुसऱ्यानं उजेडाला बॅटरी घेऊन गाडीखाली आडवं पडायचं. खालचा म्हणतो, "मार." वरचा मारतो. खालचा म्हणतो, "थांब." वरचा थांबतो. मिस्त्री आणि त्याचा धाकटा भाऊ, दोघांनी वीस वर्षं हेच केलं. धाकटा कायम वर, मिस्त्री खाली.

त्या रात्री वर जावई होता.

"मार," मिस्त्री खालून म्हणाला. "जावईबापू, पंप मारायचाय, पाळणा हलवायचा नाही. त्याला अजून एक दिवस आहे."

फिल्टरजवळचा एक जोड ओला दिसला. आवळला. साडेअकरा वाजले होते. जावयाला पहाटे गाडी चालवायची होती, म्हणून मिस्त्रीनं त्याला झोपायला पाठवला. स्वतः हात धुतले, गाडीखाली नवं वर्तमानपत्र पसरलं आणि स्टुलावर बसून बिडी ओढली. बाहेर, बरं का, डिझेलपासून लांब. तो माझ्यासारखा गाढव नाही.

बारा वाजून दहा मिनिटांनी आत आला. कागदावर थेंब होता.

एकच. पण होता.

मिस्त्री चिडला. पुन्हा गाडीखाली शिरला. बॅटरी वर धरली. दुसरा चोर वेगळा होता, आणि दाबाशिवाय तो तोंड दाखवेना. आणि इतक्या वर्षांची सवय, पोरांनो. तोंडातून आपोआप गेलं.

"मार."

खच… खच… खच…

मिस्त्रीला वाटलं, जावई परत आलाय. बरं झालं. बॅटरी फिरवली आणि सापडलं. उरलेलं डिझेल टाकीत परत नेणारा रबरी पाइप असतो, तो तडकला होता. आणि बरोबर त्याच्याखाली सायलेन्सरचा पाइप. चालू गाडीत तो तव्यासारखा तापतो.

"थांब."

थांबलं.

हात छान होता, म्हणाला मला. एका लयीत. जावयाला एवढ्यात कसं जमलं, याचं कौतुक वाटलं त्याला.

आता पाइप तर बदलायला हवा. पण सामानाचं दुकान उघडणार सकाळी नऊला, आणि निघायचं पाचला. मिस्त्रीनं आडव्यानंच हात लांब करून हत्यारांचा डबा ओढला. त्यातून सायकलच्या ट्यूबचा तुकडा घेतला. तडकलेल्या जागी गुंडाळला, वर तार पिळली. दोन तासांचा तर रस्ता. शहरात पोचल्यावर नवा टाकता येईल.

इथे मला तुम्हाला एक सांगायला हवं. मलाही तेव्हा माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी मिस्त्रीनं असाच पाइप असाच बांधला होता. सायकलची ट्यूब, वर तार. उद्या नवा टाकू म्हणाला. ती गाडी घेऊन धाकटा उतारावरून जात होता. डिझेलनं ट्यूब फुगते, मऊ पडते, फाटते. खाली तापलेला सायलेन्सर. गाडी पेटली, दार उघडलं नाही. लोक म्हणाले, वायरिंग जळालं. मिस्त्री म्हणाला, हो, वायरिंगच.

आणि आज, त्याच हातांनी…

"मार," मिस्त्री म्हणाला.

खच… खच… खच…

ट्यूब कोरडी. एक थेंब नाही.

"थांब. झालं काम."

खच… खच…

"अहो, थांबा म्हटलं ना!"

खच, खच, खच.

तेव्हा त्यानं मान वळवली. पंप मारणाऱ्याचे पाय गाडीखालून दिसतात. दिसायला हवेत.

नव्हते.

फरशी होती. मोकळी.

आणि त्याच वेळी घरातून घोरणं ऐकू आलं. जावयाचं. खणखणीत.

खच, खच, खच, खच.

मिस्त्रीला सरकायचं होतं. अंग हलेना. डोळ्यांसमोर ट्यूब फुगली. लिंबाएवढी. मग मोसंब्याएवढी. तार आत रुतली… आणि फाटली. डिझेल तोंडावर आलं. डोळ्यांत. घशात. बॅटरी हातातून गेली.

अंधार.

खच. खच. खच. खच.

"धाकट्या…"

थांबलं.

काहीच नाही. श्वास नाही, पाऊल नाही. वर कुणीतरी उभं आहे आणि वाट बघतंय, एवढंच कळत होतं.

"ट्यूब नाही लावत," मिस्त्री म्हणाला. "पोरीला नाही बसू देत हिच्यात…"

शांत.

"सांगतो तुझ्या बायकोला. आत्ता सांगतो…"

किती वेळ गेला, त्याला माहीत नाही. पंप पुन्हा वाजला नाही.

एक वाजता तो डिझेलनं निथळत घरात गेला. जावयाला उठवून म्हणाला, "किल्ली माझ्याजवळ आहे. गाडी जाणार नाही. कुणाची तरी कार बघ."

जावई वैतागला. "मामा, आत्ता कुठून आणू? सांगायचं होतं मघाशीच!"

"शिव्या दे, मार मला. पण ही जाणार नाही."

मग भावजयीपुढे बसला. खाली, फरशीवर. पाइपाचं सांगितलं. ट्यूबचं सांगितलं. अकरा वर्षांचं सगळं सांगितलं.

ती ऐकत होती. पोरगीही ऐकत होती, भिंतीला टेकून.

भावजय म्हणाली, "दादा, तोंड पुसा. पोरीला वास सोसत नाही."

आणि पोरीची बॅग भरायला उठली.

पहाटे जावयाच्या मित्राची कार आली. काकू पोरीबरोबर गेली. ऑपरेशन नीट झालं, मुलगी झाली, चांगली गुटगुटीत. पाच दिवस काकू दवाखान्यात पोरीजवळ होती. आणि सहाव्या दिवशी तिथूनच माहेरी निघून गेली. मिस्त्रीच्या घरात ती पुन्हा राहायला आली नाही. तो आता एकटा असतो. हाताने भाकरी थापतो, जाळतो, खातो. त्याला मी एरवी चिडवतो. भाकरीवरून नाही.

एकदाच आली ती, कपड्यांची ट्रंक न्यायला. शेडच्या दारात उभी राहिली. पिकअप अजून आतच होती, बॉनेट उघडं. जवळ गेली. पंपाकडे बघत राहिली. मग मिस्त्रीला म्हणाली, "ही मूठ मला काढून द्या."

त्यानं काढून दिली. तोवर त्यानं ती नीट बघितली नव्हती. आता बघितली.

प्लास्टिक वितळलं होतं. इंजिन त्या रात्री तीन तास गार होतं, पोरांनो. पण मूठ वितळली होती, आणि त्यात चार बोटं आणि एक अंगठा, गच्च धरल्यासारखे उमटले होते.

गेल्या महिन्यात मी काकूकडे, तिच्या माहेरी गेलो होतो. थट्टा करायलाच गेलो होतो, खरं सांगतो. खिडकीत ती मूठ ठेवली आहे. पहाटेची वेळ होती, थंडी इतकी की खिडकीचा गज हाताला चावत होता. ती म्हणाली, "बघा हात लावून."

मी लावला.

कोमट होती.