फणसाखालचं घर

फोन पुरुषांच्या बाजूला वाजत होता. दुपारच्या अस्रच्या नमाजची बांग झाली होती, शटर खाली आलं होतं आणि हुसेनमियाँ मशिदीत गेले होते. जेद्दाच्या अल अझीझियामधल्या त्या ट्रॅव्हल एजन्सीत आता फक्त मेहनाज होती, लाकडी पार्टिशनच्या आड, लेडीज सेक्शनमध्ये. फोन थांबेना, तसा तिनं आपल्या टेबलावरच्या एक्स्टेन्शनवर उचलला.

"व्हिएतनाम की टूर है आपके पास?"

"नमाजच्या वेळी फोन करतात का कुणी..." ती स्वतःशीच पुटपुटली.

पलीकडे हसू आलं. मग मराठी.

"आमची झाली केव्हाच. मी अबकैकला असतो, पार पूर्वेकडे. सूर्य आधी आमच्याकडे येतो, मग तुमच्याकडे."

तो नौशाद. श्रीवर्धनचा, तेल प्लान्टमध्ये टेक्निशियन. कॅम्पमधल्या एका व्हिएतनामी वेल्डरनं खाटेवर गावाचा फोटो चिकटवला होता. रोज बघून बघून याला ते गाव बघायचं होतं.

"आणि श्रीवर्धनला नाही जायचं?"

"गेलो की लग्न लावून देतील."

तिनं ब्रोशर उघडलं. हालाँगची खाडी, समुद्रात उभे राहिलेले डोंगर. होई आनच्या गल्लीत टांगलेले कागदी कंदील. माय चौचं खोरं, हिरवी भातखाचरं, खांबांवरची लाकडी घरं.

"खांबांवर का?"

"पाणी भरत असेल."

"ब्रोशरमध्ये पाऊस आहे?"

"नाही. सगळीकडे ऊन."

"मग तुम्ही सांगा. पावसात त्या घरापाशी काय असेल?"

मेहनाजनं ब्रोशर जवळ धरलं. फोटोत घराजवळ नुसती सावली होती. तिला म्हसळ्याच्या मामाचं दार आठवलं.

"फणस," ती म्हणाली. "घरावर वाकलेला. पत्र्यावर पानांचं पाणी टपटपतं... रात्रभर झोप लागत नाही."

"मला तेच घर पाहिजे," तो म्हणाला.

त्यानंतर अस्रच्या वेळी फोन वाजायचाच. कधी टोपलीसारख्या गोल होड्या, कधी नदीवर भरणारा भाजीबाजार. एकदा हुसेनमियाँ लवकर परतले आणि त्यांनी काउंटरवरचा रिसीव्हर उचलला. खट् आवाज आला. मेहनाजनं ब्रोशर झटकन मिटलं.

"जी मॅडम, पासपोर्टची कॉपी लागेल," ती म्हणाली.

"शुक्रिया, बेटी," पलीकडून नौशादनं म्हातारीचा बारीक आवाज काढला. रिसीव्हर परत खाली गेला. ती ओढणी तोंडात कोंबून हसली. हुसेनमियाँ तिचे अब्बा. ते काउंटरवर म्हणून तिला इथं काम करता येत होतं. कळलं असतं तर काम गेलं असतं, आणि अब्बांची मान मालकासमोर खाली गेली असती. म्हणून तिनं नाव कधी सांगितलं नाही. तो तिला "लेडीज सेक्शन" म्हणायचा.

मग महाडचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता. नाव ठेवायला जागा नव्हती, हीच अडचण.

"आता फोन करू नका," ती एका दुपारी म्हणाली. "उद्या रात्री इशाच्या नमाजनंतर घरून होकार कळवणार आहेत."

"तुमची मर्जी काय?"

"ते... ब्रोशरमध्ये नाही."

तो म्हणाला, "उद्या ऑफिस उघडं आहे ना?" आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जेवणानंतर काचेचं दार वाजलं. पार्टिशनच्या खालच्या फटीतून तिला धुळीनं भरलेले सेफ्टी बूट दिसले. तेवढंच.

"व्हिएतनाम," बूटवाला म्हणाला.

तोच आवाज. मेहनाजनं टेबलाची कड धरली. अब्बा समोर बसले होते, आणि ते कोण हे त्याला ठाऊक नव्हतं.

"किती जण?" अब्बांनी विचारलं.

"दोघं."

"हनिमून?"

"इन्शाल्ला. माय चौला राहायचंय. फणसाखालच्या घरात."

"फणस?" अब्बा थांबले. "आमच्या ब्रोशरमध्ये फणस नाही."

"आहे, चाचा. नीट बघा."

पान उलटल्याचा आवाज. मेहनाजला वाटलं आता उठून त्याला थांबवावं, पण ती बोलली तर सगळंच उघडं पडणार होतं.

"बाईचं नाव?" अब्बांनी विचारलं, आणि काउंटरवर चिठ्ठी सरकल्याचा आवाज आला. इथले पुरुष घरातल्या बाईचं नाव परक्यासमोर घेत नाहीत. त्यामुळे अब्बांनाही सवय झाली होती. "बोलू नका. लिहून द्या."

"मला माहीत नाही."

"बायकोचं नाव माहीत नाही आणि तिकीट काढता?"

"तिनं सांगितलं नाही. आज रात्री तिच्या घरचे दुसरीकडे होकार देतायत. पत्ता असता तर घरी गेलो असतो. इथं कामाला आहे, एवढंच ठाऊक." आवाज खाली आला. "तुम्ही तिच्या वडिलांना ओळखत असाल, चाचा. एकदा गाठ घालून द्या. मग ते नाही म्हणाले तर मी परत अबकैकला."

बाहेर एक टॅक्सी हॉर्न देत राहिली. अब्बांची खुर्ची करकरली.

"ओळखतो," ते म्हणाले. "तापट माणूस आहे."

"चालेल."

"लेडीज सेक्शन." अब्बांचा आवाज पार्टिशनकडे वळला. त्यात राग होता की काय, तिला कळेना. "या कस्टमरच्या दुसऱ्या पॅसेंजरचं नाव काय लिहू? का फॉर्म फाडू?"

बूट हलले नाहीत. अस्रची बांग सुरू झाली. आता शटर खाली येईल, मग मगरीब, मग इशा, मग महाडचा फोन.

"मेहनाज," ती म्हणाली. परक्या पुरुषासमोर, मोठ्यानं.

"पूर्ण नाव."

"मेहनाज हुसेनमियाँ... अब्बा."

बूट एकदम दोन पावलं मागे सरकले. कुणीतरी खुर्चीला धडकलं.

"पडू नका," अब्बा म्हणाले. "शटर ओढा. नमाजला चला माझ्याबरोबर. तुमच्या घरच्यांचा नंबर चालता चालता द्या. आधी ते, मग महाड, व्हिएतनाम सगळ्यात शेवटी."

शटर अर्ध्यावर आलं. अब्बा परत वळले आणि पार्टिशनजवळ येऊन उभे राहिले.

"अब्बा, मी... त्या ब्रोशरमध्ये फणस खरंच नाही."

"ठाऊक आहे मला," ते म्हणाले. "तुझ्या मामाच्या दारात आहे."