उलटा डोंगर

"गठ्ठा नाही म्हणजे? काल मी स्वतः या टेबलावर ठेवला होता!" मुंगी कमरेवर हात ठेवून कार्यवाहांसमोर उभी राहिली.

नाट्यगृहाचे कार्यवाह एका हाताने फोन कानाला लावून, दुसऱ्या हाताने पंख्याखाली उडणारे कागद दाबत होते. "अगं, इथे सकाळपासून शंभर कागद आले नि गेले. मी कशाकशाकडे बघू? आणि आजोबांचं नाव मी यादीतून काढलंय. तब्येत बरी नाही असं सांगू. पुढच्या वर्षी वाचतील की!"

"पण त्यांची तब्येत ठणठणीत आहे!" चष्मिस म्हणाला.

"जा रे, सुट्टी लागली म्हणून माझं डोकं खाऊ नका!"

तिघं तोंडं पाडून बाहेर आली. मुंगी, तिचा मामेभाऊ लंबू आणि वर्गातला चष्मिस. सुट्टीत हे त्रिकूट नाट्यगृहातच पडीक असे, कारण मुंगीचे आजोबा तिथले प्रॉम्प्टर होते. चाळीस वर्षं ते विंगेतल्या स्टुलावर बसून, नट अडखळला की त्याला पुढचं वाक्य हळूच पुरवत आले होते. आणि त्याच चाळीस वर्षांत, घराबाहेर कुणालाही न सांगता, त्यांनी कविता केल्या होत्या. जुन्या नाटकांची हँडबिलं उरत, त्यांच्या पाठकोऱ्या बाजूला, पेन्सिलीने! आज पाच वाजता काव्यवाचनात ते या कविता पहिल्यांदाच लोकांपुढे वाचणार होते. वाचायला किती वेळ लागेल ते बघतो म्हणून कार्यवाहांनी काल गठ्ठा मागवला आणि आज गठ्ठा गुल!

"त्यांना पाठ नाहीत का गं?" लंबूने विचारलं.

"छे! पाठांतर नटांनी करायचं, आपण कागद धरायचा, असं म्हणतात ते." मुंगी म्हणाली. "घातलेला नवा सदरा उतरवून ठेवला त्यांनी. 'राहू दे, माझी जागा विंगेतच बरी,' म्हणाले. आज नाही वाचलं ना, तर ते पुन्हा कधीच वाचणार नाहीत. मी ओळखते त्यांना!"

चष्मिस एकदम थांबला. "टेबलाखालचं रद्दीचं खोकं पाहिलंस? काल काठोकाठ भरलेलं होतं. आज रिकामं!"

"आणि वरून पाहिलं तर गठ्ठा म्हणजे जुनी हँडबिलंच!" मुंगी ओरडली. "कार्यवाहांनी रद्दीतच टाकला! रद्दी कोण नेतं?"

"रंगारीकाका!" लंबू म्हणाला आणि तिघंही रंगमंचामागच्या खोलीकडे धूम पळाली.

नाटकांचे देखावे रंगवणारे काका भिंतीला टेकून चहा पीत होते. खोलीत ओल्या रंगाचा आणि खळीचा वास भरला होता. मुंगीची नजर त्यांच्या ब्रशांच्या जुडीवर गेली. जुडी हिरव्या नाडीने बांधलेली होती.

"काका, ही नाडी कुठून आणलीत?"

"रद्दीच्या गठ्ठ्याला होती. चांगली दिसली, घेतली. का गं?"

"ती आजोबांच्या पायजम्याची आहे! गठ्ठा कुठाय?"

काकांनी कपाने समोरच्या रंगमंचाकडे खूण केली. तिथे संध्याकाळच्या नाटकातला भलामोठा डोंगर उभा होता. लाकडी चौकटीवर कापड, खाली चाकं. "उंदरांनी कुरतडला होता. दुपारीच मागून ठिगळं लावली."

तिघं डोंगरामागे धावली. पायथ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत कागदच कागद, आणि प्रत्येकावर आजोबांचं बारीक, तिरकं अक्षर!

"लिहिलेली बाजू वर कशी आली?" चष्मिसने विचारलं.

"छापील बाजू मी नेहमी आत चिकटवतो," काका म्हणाले. "नाहीतर मागे उभे असलेले नट जाहिराती वाचत बसतात आणि एन्ट्री चुकवतात! मला वाटलं, कुणीतरी पेन्सिल चालवून बघितलीय. चष्मा घरी राहिलाय माझा... थांब, हे आजोबांचं आहे?" त्यांनी कप खाली ठेवला. "अरे देवा, मी हे काय करून बसलो!"

लंबूने एक कोपरा सोलून पाहिला. कागद ओला, लगेच फाटू लागला. घड्याळात पाचला दहा कमी. उतरवून घ्यायलाही वेळ नव्हता.

मुंगी डोंगराकडे बघत राहिली आणि मग तिने टुणकन उडी मारली. "कागद सुटत नाहीत ना? मग डोंगरच फिरवू या!"

"कार्यवाह फिरवू देतील?" काका कुजबुजले.

"त्यांना माझ्यावर सोडा," लंबू म्हणाला. तो थेट प्रेक्षागृहात गेला. "साहेब, पुढच्या रांगेतली एक खुर्ची डुगडुगतेय. पाहुणे पडले तर?"

"अरे बापरे! कुठली?"

"ते मात्र बघावं लागेल." खोटं काहीच नव्हतं. तिथल्या निम्म्या खुर्च्या डुगडुगत होत्या! कार्यवाह एकेका खुर्चीवर बसून, हलून बघू लागले. तेवढ्यात पडद्यामागे काका, मुंगी आणि चष्मिसने डोंगर ढकलत फिरवला.

पडदा उघडला तेव्हा कार्यवाह अकराव्या खुर्चीवर होते. "अरे, डोंगर उलटा! कुणी केलं हे?" पण आता सभागृह भरलं होतं. मुंगीने स्टुलावरच्या आजोबांचा हात धरला आणि त्यांना उजेडात ओढत नेलं.

"अगं, हे तर... माझं अक्षर!" आजोबा पुटपुटले.

"वाचा ना, आजोबा!"

आधी लोक खुसुखुसू हसले. मग आजोबा पायथ्यापासून वाचू लागले आणि हसू थांबलं. ते वाकून वाचत होते, टाचा उंचावून वाचत होते. उंचावरच्या कवितांसाठी रंगारीकाकांनी स्वतः शिडी आणून धरली. शेवटी आली आजीवरची कविता. आजी याच नाट्यगृहात नटांचे कपडे शिवायची.

"राजाच्या खांद्यावर शेला तू शिवलेला,
टाळ्या साऱ्या राजाला मिळाल्या..."

आणि आजोबा थांबले. पुढे कागदच नव्हता. काकांच्या कात्रीने तो मधोमध कापला होता. आजोबांचे ओठ हलले, पण शब्द येईना.

ही कविता ते रोज संध्याकाळी मुंगीला वाचून दाखवत. विंगेत परतलेली ती तिथूनच हळूच म्हणाली, "मी विंगेत बसून..."

आजोबांनी मान वर केली.

"मी विंगेत बसून टाके मोजले!"

टाळ्यांनी छप्पर उडायचंच बाकी राहिलं! सारी हकीकत कळल्यावर प्रमुख पाहुणे उभे राहिले, म्हणाले, "या मुलांनी आज एक कवी वाचवला!" कार्यवाहांनी सर्वांदेखत चूक कबूल केली आणि चष्मिसच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचा चष्माच उडाला. डोंगर सुलटा करतानाही ढकलायला तेच पुढे होते.

आजोबा मात्र विंगेत येऊन स्टुलावर टेकले आणि त्यांनी मुंगीला जवळ घेतलं. त्यांचे डोळे भरले होते.

"चाळीस वर्षं मी नटांना वाक्यं दिली, पोरी," ते म्हणाले. "पण त्या वेळी समोरच्याला कसं वाटतं, ते मला कधी कळलंच नव्हतं. अंधारात कुणीतरी हात धरल्यासारखं वाटतं गं."