खांदे सैल, जबडा सैल

दुपारी दोन ते तीन विमलबाई कोणाला दार उघडत नसत. चारला सावर्ड्यातली पोरं ओटीवर शिकवणीला यायची. त्याआधी बाई जरा आडव्या होतात, असं सगळे समजत. बाई आतल्या खोलीत चटईवर उताण्या पडून देहाबाहेर जायचा प्रयत्न करतात, हे कळलं असतं तर पोरं पोट धरून हसली असती. तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईंना स्वतःचीच लाज वाटे.

त्याहून जुनी लाज वेगळी होती. थोरली बहीण कमळाताई हेदवीला राहायची. तिचा मुलगा सुजय शिकायला बाईंकडे होता. शाळेतलं भिंग हरवलं तेव्हा, घरच्या पोराला झुकतं माप दिलं असं कोणी म्हणू नये म्हणून, बाईंनी त्यालाच चोर ठरवलं आणि दिवसभर वर्गाच्या उंबऱ्याबाहेर उभं केलं. दुसऱ्या दिवशी तो मुंबईला पळाला, तो परत घरी आलाच नाही; ताईला तेवढा अधूनमधून फोन करायचा. भिंग दोन महिन्यांनी बाईंच्याच कपाटात, खडूंच्या खोक्यामागे सापडलं. त्यांनी ते कोणाला सांगितलं नाही. अकरा वर्षं झाली. आता ताई आजारी होती. तिला तोंड दाखवायचं धैर्य नव्हतं. नुसतं बघून यावं, एवढंच.

देहाबाहेर जायची रीत मोबाइलवरच्या एका व्हिडिओत मिळाली. ती काही नवी नव्हती. परीक्षेआधी पोरांना त्या हेच सांगत: खांदे सैल, जबडा सैल, घाई नाही. घाबरलं की संपलं.

पहिले कित्येक दिवस नुसती झोप लागली. मग एका दुपारी त्यांना पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसली. वरच्या बाजूची.

त्या घाबरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कौलं दिसली. आठवड्याने हेदवीचं अंगण: जांभ्याच्या पायऱ्या, सुपात वाळत घातलेली आमसुलं, त्यांचा आंबट वास. आत ताई पाठमोरी बसून, मधेच खोकत, तांदूळ निवडत होती. बाई उंबऱ्यापर्यंत जात आणि थांबत. रोज तिथवरच.

एका मंगळवारी ताई मागे न वळता म्हणाली, "किती दिवस दारात उभी राहशील गो विमल? आत ये."

बाई दचकल्या. चटईवर आपटल्यासारख्या त्या जाग्या झाल्या. पाय गार पडले होते.

चार वाजता शिकवणीतली अलिझा वही पुढे करून त्यांच्याकडे बघत राहिली.

"बाई, तुम्ही लांबून बोलताय?"

"अगं, तुझ्यासमोर तर बसलेय."

"हो. पण आवाज लांबून येतोय."

"कानात बोळे घालून आलीस वाटतं! सतराचा पाढा म्हण, मग येईल जवळून."

पोरं खिदळली. बाईही हसल्या. मग फळ्यावर गणित मांडताना त्यांच्या लक्षात आलं, खडूची भुकटी आज बोटांना लागत नव्हती.

गुरुवारी त्यांनी सकाळची एसटी धरली. पिशवीत भिंग होतं. वाटभर त्या वाक्यं पाठ करत राहिल्या.

ताई माजघरात बसली होती. बाई उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या आणि एका दमात सगळं बोलल्या. भिंग, कपाट, अकरा वर्षं. भिंग पुढे धरलं.

ताईने ते घेतलं नाही. ती गोंधळल्यासारखी बघत होती.

"परत कशाला सांगतेस? मंगळवारी सांगितलंस ना सगळं. केवढी रडलीस. मग सुजयला फोन लावला आपण. बोलला की तो तुझ्याशी. गणपतीला येतो म्हणाला."

"मी?"

ताईने आत पाहिलं.

भिंतीशी पाट मांडलेला होता. पाटापुढे गुळाचा खडा आणि पाण्याचा तांब्या. तांब्याच्या काठावर पांढरी बोटं उमटली होती. खडूची.

ताईने पुन्हा दाराकडे पाहिलं. पदर हळूच छातीशी ओढून घेतला.

"आत ये," ती म्हणाली. आवाजात आग्रह नव्हता.

बाईंनी पाऊल उचललं.

खांदे सैल होते. जबडा सैल होता. पाऊल उंबऱ्याच्या आत पडेना.