अलेक्झांड्रियाचा बांध

“ही माझी सीट आहे.”

“नाव लिहिलंय?” मी खिडकीपासून तसूभरही हलले नाही.

कतारमधल्या रास लफानला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये प्रत्येकाची सीट ठरलेली असते. मी नवी, मला काय ठाऊक! आणि ठाऊक असतं तरी उठले नसतेच. तो हसला, शेजारी बसला आणि मांडीवर नकाशा उलगडला... अलेक्झांड्रिया.

हा कैवल्य. नाशिकचा, बंदरं बांधणारा इंजिनिअर. अलेक्झांड्रियातल्या धक्क्याच्या दुरुस्तीच्या नोकरीसाठी महिन्याभरात त्याचा इंटरव्ह्यू होता. “तुम्ही मला प्रश्न विचाराल?” आपली टिपणवही माझ्यापुढे धरत तो म्हणाला. सव्वा तासाचा रस्ता, बाहेर नुसती वाळू. मी विचारत सुटले, त्या दिवशी आणि पुढेही.

“जुनं दीपगृह पडलं, तिथे काय उभं राहिलं?”

“कैतबेचा किल्ला. त्यात दीपगृहाचेही दगड आहेत.”

“शाब्बास! आता मोठी जहाजं कुठल्या बंदरात लागतात?”

“पूर्वेच्या.”

“पश्चिमेच्या! पूर्वेला कोळ्यांच्या होड्या — रोज हेच कसं चुकता हो?”

“उद्या परत विचारा ना, मधुरा...”

मी रोज विचारलं. माझ्या थर्मासमधला चहा अर्धा-अर्धा होऊ लागला, ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं. आणि त्याला नोकरी मिळाली. म्हणजे मीच त्याच्याकडून घोकून घेऊन त्याला स्वतःपासून लांब धाडत होते. असा राग आला मला माझा!

त्याच्या शेवटच्या दिवशी मी ठरवूनच बसमध्ये चढले.

“शेवटचा प्रश्न. दीपगृहाचं बेट किनाऱ्याला कसं जोडलं?”

“मधे बांध घातला, सव्वा किलोमीटरचा. दोन्ही बाजूंनी गाळ साचत गेला आणि बांधाची जमीन झाली. आता लोक तिथे घरं करून राहतात.”

“किती वर्षं लागली?”

“शेकडो.”

“मला तेवढा धीर नाही. कैवल्य, तू मला आवडतोस. खूप.”

त्याचे कान लालबुंद झाले.

“...मोठी जहाजं पश्चिमेच्या बंदरात लागतात,” तो हळूच म्हणाला.

“आता आठवलं?”

“पहिल्या दिवसापासून येत होतं. सगळं बरोबर सांगितलं असतं, तर तू विचारायची थांबली असतीस.”

लबाड! मला हसू आवरेना, आणि डोळे भरून आले ते वेगळंच.

“पहिल्या सुट्टीत पुण्याला येतो,” तो म्हणाला, “तुझ्या आईबाबांना भेटायला. इन्शाल्ला.”

“इन्शाल्ला नको. तारीख सांग.”

“चौदा मार्च.”

मी त्याच्या खिशातलं पेन काढलं आणि नकाशावर, बरोबर बांधाच्या जागी, तारीख लिहिली.