मुकाट्याने आणलेली गौर

"खडे ताम्हणात पडले की या उंबऱ्यापर्यंत एक अक्षर बोलायचं नाही!" वृंदाआत्याने तिसऱ्यांदा बजावलं. "नाहीतर खडे परत नदीत आणि पुन्हा पहिल्यापासून!"

"मी काय लहान आहे?" शकुन फणकारली.

"लहान नाहीस गं, बडबडी आहेस!" आतेभाऊ मुकुंद म्हणाला.

शकुन आणि तिचा धाकटा भाऊ श्रीकांत कलकत्त्यात भवानीपूरला राहायचे. १९७३ च्या भाद्रपदात त्यांच्या शाळेत गुडघाभर पाणी शिरलं आणि सुट्टी आयती पदरात पडली! लगेच दोघं सियालदाहून गाडीत बसून बराकपूरला आत्याकडे आली. आत्याकडे खड्यांच्या गौरी असत. नदीकाठचे खडे मुकाट्याने घरी आणायचे आणि गौर म्हणून पुजायचे. पण बंगालची जमीन म्हणजे नुसता गाळ. खडा औषधालासुद्धा मिळायचा नाही! फक्त शेजारच्या शरच्चंद्रदादूंच्या, म्हणजे शेजारच्या बंगाली आजोबांच्या, घराखाली मिळे, कारण काठ खचू नये म्हणून सरकारने तिथे दगड रचले होते.

तिथे उतरायची वाट बांबूच्या बेटातून जायची आणि इतकी उभी होती की मोठी माणसं तिकडे फिरकतच नसत. ओहोटी लागली की खाली वाळूची एक चिमुकली पट्टी उघडी पडे. मुकुंदला तिथे वेगळंच काम होतं. मुंबईच्या मामाने त्याला पाण्यात बघायचा मोठा काचेचा चष्मा आणि श्वास घ्यायची नळी पाठवली होती.

"आज मासे बघणार!" त्याने जाहीर केलं.

"या गढूळ गंगेत? त्यापेक्षा चहात डोकं घाल आणि साखर बघ!" शकुन म्हणाली.

गौर आणायला अनवाणी जायचं असतं. ताम्हण, घंटा आणि दोर सांभाळत, बांबू धरत, घसरत तिघं खाली पोचली. शकुन एकदम थांबली.

"अरे, दगड कुठे गेले?"

गेल्या वर्षी काठाच्या पायथ्याशी काळ्या दगडांची रांगच्या रांग होती. आता एका कोपऱ्यात थोडे उरले होते. वाळूवर होडी ओढल्याची खूण सरळ पाण्यात गेली होती.

"नदीने नेले असतील," श्रीकांत म्हणाला.

"आणि कोपऱ्यातले तेवढे तिला आवडले नाहीत वाटतं?"

मुकुंदने कमरेला दोर बांधला, दुसरं टोक बांबूला अडकवलं आणि चष्मा चढवून काठालगत पाण्यात डोकं घातलं. क्षणात वर आला.

"काही दिसत नाही! पण माझा हात काठाच्या आत जातोय, पार खांद्यापर्यंत! काठ पोखरलाय गं!" त्याने पुन्हा चाचपलं आणि काहीतरी जड ओढून काढलं. लोखंडी पहार!

तिघांनी वर पाहिलं. बरोबर डोक्यावर दादूंचं स्वयंपाकघर होतं. मास्तरकीत जन्म काढून दादूंनी ते घर बांधलं होतं आणि आता तिथे ते एकटेच राहत. पौर्णिमेला बान येणार होता. बान म्हणजे समुद्राकडून नदीत उलटी चढत येणारी पाण्याची भिंतच! या पोखरलेल्या काठावर तो आदळला तर?

"मुद्दामच काढलेत कुणीतरी," मुकुंद कुजबुजला. "किती लांबवर पोखरलंय ते बघून येतो. तू खडे वेच."

मुलगे बांबूआड गेले. शकुनने खडे वेचले, ताम्हणात ठेवले आणि ओठ घट्ट मिटले. इतक्यात एक होडी वाळूला लागली! काळी छत्री घेतलेला एक जाडजूड माणूस उतरला. मागून नावाडी.

"ए खुकी, ए पोरी, इथे काय करतेस?" जाड्याने बंगालीत दरडावलं.

शकुनचं तोंड उघडलं आणि पटकन मिटलं. तिने नुसती मान हलवली.

"नाव काय तुझं?"

पुन्हा मान.

"बोबा मेये! मुकी आहे बिचारी, ठेकेदारबाबू," नावाडी म्हणाला.

मग काय! शकुन जणू तिथे नव्हतीच, असे ते बोलू लागले.

"उरलेले उद्याच्या ओहोटीला उचल," ठेकेदार म्हणाला. "डमडमच्या माझ्या कुंपणाला तेवढेच कमी पडतायत. बान आला की काठ कोसळेल. मग दगड नदीने नेले म्हणायला आपण मोकळे!"

"आणि वरचा म्हातारा?"

"जाईल कुठेतरी!"

शकुनला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. बोलता येत असूनही बोलायचं नाही, म्हणजे केवढी शिक्षा! दोघं कोपऱ्यातले दगड बघायला वळताच ती मुलग्यांकडे धावली आणि हातवारे करून त्यांना वाटेकडे पिटाळू लागली.

"काय झालं? बोल ना!" मुकुंद म्हणाला.

शकुनने ताम्हणाकडे बोट दाखवलं. श्रीकांत वैतागला, आणि वैतागला की तो थेट बंगालीत घसरायचा. "दीदी, बोल की काहीतरी! झोपेतसुद्धा बडबडतेस आणि आत्ताच गप्प?"

खाली छत्री गर्रकन वळली.

"मुकी नाही! पकड त्यांना!"

तिघं जिवाच्या आकांताने वर चढू लागली. मुकुंदच्या खांद्यावर पहार, शकुनच्या हातात ताम्हण. श्रीकांत गौरीची घंटा बडवत सुटला. मागून ठेकेदार! पण त्याच्या पायांत गुळगुळीत बूट होते. दोन पावलं वर चढला की चार खाली घसरे. शेवटी तो चिखलात असा बसला की नावाड्याला त्याला ओढून काढावं लागलं.

घंटा ऐकून आत्या दूधपाणी घेऊन दारात आली. तिने शकुनच्या पायांवर ते घातलं आणि विचारलं, "गौर आली, कशाच्या पावलांनी आली?"

शकुनने उंबरा ओलांडला. "सोन्याच्या पावलांनी आली आणि तिच्यामागे चोर लागलेत!"

मग तिने एका दमात सगळं सांगितलं. आत्याचे यजमान दिनकरकाका हसले. "अगं, दगड नदीने नेले असतील. इंजिनियर नेमाने पाहणी करतात."

मुकुंदने पहार धाडकन जमिनीवर ठेवली. "बाबा, नदी पहार घेऊन आली होती?"

काकांचं हसू मावळलं. ते उठून तडक पोलीसचौकीवर गेले.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला पोलीस बांबूत दबा धरून बसले आणि दगडांनी भरलेली होडी ठेकेदारासकट पकडली! इंजिनियरसाहेबही बांबूला मिठ्या मारत खाली उतरले. पोखरलेला काठ पाहून ते ओशाळले. "वाट फार उभी आहे हो. मी वरूनच पाहून सही करत होतो."

"आमची पोरं अनवाणी उतरली, साहेब!" आत्या म्हणाली.

डमडमचं कुंपण उतरवून दगड परत आले. कमी पडले तिथे वाळूची पोती लागली. फौजदारांनी तिघांची पाठ थोपटली. "शाबास! जे आमच्या नजरेला पडलं नाही ते तुम्ही हुडकलंत!"

पौर्णिमेला सगळे काठावर उभे होते. दादूंनी शकुनचा खांदा घट्ट धरला होता. "कितीही आवरू म्हटलं तरी भीती वाटते गं," ते म्हणाले. लांबून घोंगावणारा आवाज आला आणि पाण्याची पांढरी भिंत वळणावरून धावत आली. धडाड! पायाखालची जमीन थरथरली. तुषार तोंडावर उडाले.

लाट पुढे निघून गेली. दगड जागच्या जागी होते आणि घरही.

दादूंनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "चला रे पोरांनो, घरी चला," ते म्हणाले. मग त्यांनी पुन्हा सांगितलं, "माझ्या घरी."