बुंदीच्या पायांवरचे दव

बेत असा होता की, वसुबारसेच्या सकाळी न्याहारी आटोपताच तिघांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसायचे, वरूडच्या पॅकिंग शेडवर जायचे आणि यंत्राच्या पट्ट्यावरून लहानमोठी संत्री आपापल्या खणात कशी घरंगळतात ते डोळे भरून पाहायचे. अमरावतीहून दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावी आलेल्या प्रतीक्षाने हा बेत शाळेच्या शेवटच्या तासालाच मनाशी पक्का केला होता. मामेभाऊ सागर तर ट्रॉलीत चढूनही बसला होता. परंतु त्याची धाकटी बहीण आकांक्षा काही केल्या गोठ्याबाहेर येईना.

प्रतीक्षा तिला बोलवायला गेली आणि दारातच थबकली. आकांक्षाच्या मांडीवर शेळीचे एक पिल्लू मान टाकून पडले होते. तांबूस अंगावर पिवळसर ठिपके, म्हणून त्याचे नाव बुंदी. गणपतीच्या सुट्टीत फोनवरच्या चित्रफितीत हीच बुंदी खाटेवरून खाली उड्या मारताना प्रतीक्षाने पाहिली होती. आता तिची शेपटी आणि मागचे पाय हगवणीने माखले होते, डोळे खोल गेले होते आणि ती समोरची रिकामी घमेली पुन्हापुन्हा चाटत होती.

"हिले तहान लागली आहे, पण पानी द्याचं नाई असं आबानं सांगतलं," आकांक्षा खालच्या आवाजात म्हणाली. "हिचा भाऊ नवरात्रात असाच गेला. आता ही पन जाईन काय वं ताई?"

प्रतीक्षा तशीच अंगणात परतली. तिने सागरला खाली उतरायला सांगितले आणि ट्रॅक्टर पोरांविनाच निघून गेला.

आबा म्हणजे मामांचे काका, खुशालराव. घरातील गुरावासरांची सारी निगा त्यांच्याकडे. अडलेल्या गाईला सोडवावे, मुका मार बसलेल्या बैलाला शेकावे, तर ते आबांनीच. या पुण्याईमुळे जनावरांच्या बाबतीत त्यांचा शब्द घरात कोणी खाली पडू देत नसे. हगवण लागली की पाणी तोडावे, म्हणजे आतले आपोआप आटते, हा त्यांचा वाडवडिलांपासून चालत आलेला नियम होता. शिवाय गाईंसाठी आणलेले जंताचे औषध फडताळात अर्धे उरले होते. धनत्रयोदशीला दिवेलागणीच्या आधी ते बुंदीला पाजायचे, असे त्यांनी ठरवले होते. किती पाजायचे, असे मामींनी विचारले तेव्हा आबा म्हणाले होते, "अंदाजानं. जरा जास्तच गेलेलं बरं, जंताले दया दाखवाची नसते."

हे सारे आकांक्षाकडून ऐकताना प्रतीक्षाची नजर बुंदीच्या पोटाकडे गेली. तेथील केसांत गवताचे हिरवे तुरे अडकले होते आणि पुढच्या खुरांत ओला काळा चिखल होता. गोठा मात्र कोरडा ठणठणीत. खाली तुरीचे कुटार, म्हणजे मळणीतला कोरडा भुसा, पसरलेले. अंगणात तर गवताची काडीही नव्हती.

"काल संध्याकाळी मी हिले पुसून स्वच्छ केलं होतं," आकांक्षा म्हणाली.

"मंग ही रात्रपाळी करून राहिली काय?" सागरने विचारले. आकांक्षाने त्याच्याकडे असे पाहिले की त्याने पुढचा विनोद गिळून टाकला.

प्रतीक्षाने दाराची कडी पाहिली. ती माणसाच्या हाताशिवाय निघण्यासारखी नव्हती. म्हणजे कोणीतरी बुंदीला बाहेर नेत होते आणि उजाडायच्या आत परत आणून बांधत होते. सागरला लगेच चोर दिसू लागले. परंतु नेलेले पिल्लू परत आणून ठेवणारा चोर तिघांपैकी कोणीही ऐकला नव्हता. घरच्यांना विचारून टाकावे, हा सरळ मार्ग आकांक्षाने सुचवला. पण सागर म्हणाला की विचारले तर तो माणूस सावध होईल. खरे सांगायचे तर स्वतःच्या बुद्धीने शोध लावण्याची गोडी तिघांनाही लागली होती, आणि त्या गोडीपायी सर्वांत सोपा प्रश्न विचारायचा राहून गेला.

युक्ती सणानेच सुचवली. वसुबारसेला गाईवासराची पूजा असते, गोठ्यापुढे रांगोळी घालतात. संध्याकाळी पूजा झाल्यावर तिघांनी थेट उंबऱ्याला लागून अशी रुंद रांगोळी घातली की, ती ओलांडायची तर बैलानेही उडी मारावी. मामींनी कौतुक केले आणि रांगोळी एवढी जाड का, असे विचारले. सागरने गंभीरपणे सांगितले की, यंदा गोमातेचा मान मोठा आहे.

झोपण्यापूर्वी आकांक्षाच्या डोळ्यांत पाणी पाहून प्रतीक्षाने एक गोष्ट मात्र गुपचूप केली. शाळेत आरोग्यसेविकेने शिकवले होते त्याप्रमाणे तिने उकळून निववलेल्या पाण्यात चिमूटभर मीठ आणि साखर घातली आणि ते चमच्याचमच्याने बुंदीच्या ओठांच्या कडेने सोडले. बुंदीने ते पाणी असे घेतले, जसे देवळातले तीर्थ घ्यावे. एक थेंब सांडू दिला नाही. आपण वडीलधाऱ्यांचा शब्द मोडला, ही टोचणी प्रतीक्षाला झोप येईपर्यंत होती. आणि पुन्हा वेळ आली तर आपण पुन्हा मोडू, हेही तिला ठाऊक होते.

पहाटे पक्षी बोलू लागताच तिघे उठले. गोठ्याचे दार उघडे होते, दावे रिकामे होते. रांगोळीत रुंद वहाणांचे ठसे उमटले होते आणि प्रत्येक ठशाशेजारी एक वाटोळे टिंब होते.

"एका पायाचं भूत," सागर पुटपुटला.

"काठी आहे ती," प्रतीक्षा म्हणाली. घरात काठी टेकून चालणारे माणूस एकच होते.

पांढरे ठसे अंगणातून संत्र्याच्या बागेकडे गेले होते. पुढे रांगोळी संपली. पण दवाने रुपेरी झालेल्या गवतात पावलांची काळसर वाट स्पष्ट दिसत होती. पिकत आलेल्या संत्र्यांनी वाकलेल्या झाडांमधून तिघे पाय न वाजवता गेले. बागेच्या टोकाला, नवी कलमे लावण्यासाठी मोकळा ठेवलेला एक तुकडा होता. ठिबकची नळी तेथे गळत असल्याने गुडघाभर गवत माजले होते. त्या गवतात आबा उकिडवे बसले होते. त्यांच्या धोतराचा काठ भिजला होता. एका हाताने त्यांनी बुंदीला सावरून धरले होते आणि दुसऱ्या हाताने कोवळे शेंडे खुडून तिच्या तोंडाशी नेत होते.

"खा वं माय," ते म्हणत होते. "तुह्या भावानं अखेरीले खानं सोडलं. तू तरी खा. दोन घास खाल्ले का अंगात जीव येते."

सागर पुढे सरसावला होता, तो मागे झाला. ज्याला पकडायला आले, त्याच्याविषयीच तिघांच्या मनात माया दाटून आली. आबांनी काहीच लपवले नव्हते. ते उठत त्या वेळी घर झोपलेले असे, एवढेच. परंतु प्रतीक्षाच्या मनात एक विचार घोळत राहिला. हे गवत एवढे चांगले, आबांचा हात एवढा मायेचा, तर मग बुंदी रोज अधिकच का खंगत होती?

परतताना तिने सागरला विचारले की त्या तुकड्यात याआधी काय होते. सागर म्हणाला, काहीच नाही. फक्त भादव्यात खतासाठी तेथे मेंढरे बसवली होती. वऱ्हाडात ही जुनी रीत आहे. मेंढपाळाला मानाने बोलवायचे, कळप काही रात्री रानात बसवायचा, आणि लेंडीमुताने जमीन सकस करून घ्यायची.

त्या सकाळी मामा पुन्हा वरूडला निघाले, तेव्हा प्रतीक्षा आणि सागर ट्रॉलीत होते. प्रतीक्षाच्या हातात घट्ट झाकणाची एक डबी होती. शेडवर जाऊन संत्री पाहणार ना, असे मामांनी विचारले. आधी गुरांच्या दवाखान्यात सोडा, असे भाचीने सांगितल्यावर त्यांनी डबीकडे पाहिले, तिला नाक लावले आणि पुढे काही न विचारता ट्रॅक्टर वळवला.

दवाखान्यातल्या डॉक्टर रूपाली यांनी डबीतल्या हगवणीचा कण काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकात बराच वेळ पाहिले आणि मग प्रतीक्षाला डोळा लावू दिला. अंधूक उजेडात लांबट, पारदर्शक दाणे विखुरले होते. ती जंतांची अंडी होती. पिल्लू कोठे चरते, असे डॉक्टरांनी विचारले. प्रतीक्षाने दवाचे, गळक्या नळीचे आणि मेंढरांचे सगळे सांगितले, तशा त्या खुर्चीतून पुढे वाकल्या.

"तूच उत्तर घेऊन आली आहेस," त्या म्हणाल्या. "मेंढरांच्या लेंड्यांतून अंडी जमिनीवर पडली. त्यांतून निघालेले बारीक जंत ओल्या गवताच्या शेंड्यावर चढून बसतात. ऊन तापलं की खाली उतरतात. तुमचे आबा तिला नेमके दव असतानाच नेमके शेंडेच भरवत होते."

पाणी तोडणे सर्वांत घातक, हेही त्यांनी बजावले. हगवणीत पिल्लू जंतांआधी कोरडे पडून मरते. म्हणून मीठसाखरेचे पाणी थोडे थोडे, पण सतत द्यायचे आणि आईचे दूध चालू ठेवायचे. क्षारांच्या पुड्या त्यांनी दिल्या. जंताचे औषध मात्र वजन कळल्याशिवाय द्यायचे नाही. गाईचे तर मुळीच नाही. त्या स्वतः दुपारी येणार होत्या. तोवर आबांना थांबवणे हे पोरांचे काम होते.

हे काम अवघड होते. मामांनी परत आल्याबरोबर विषय काढून पाहिला. आबांनी औषधाची बाटली हातात घेत एवढेच म्हटले की, तू संत्र्यांचं पाहा, जनावराचं मले कळते. वादाने हा किल्ला पडायचा नाही, हे प्रतीक्षाने ओळखले. तिला आबांचा दुसरा एक गुण आठवला. संत्र्याने भरलेले कॅरेट हाताने उचलून त्याचे वजन ते अचूक सांगत, आणि त्याचा त्यांना बराच अभिमान होता.

"आबा," ती सहज म्हणाली, "सागर म्हणते, तुमचा अंदाज संत्र्यांपुरताच चालते. बुंदीचं वजन काही तुम्हाले सांगता येणार नाही."

सागर असे काही म्हणाला नव्हता. पण प्रसंग ओळखून त्याने मान खाली घातली.

"ह्या पोट्ट्यानं म्हटलं?" आबांच्या मिशा थरथरल्या. "ते कॅरेटात बसणारं लेकरू! आठ किलो. कमी भरलं तर माही काठी तुही."

ओसरीवर संत्र्यांचा वजनकाटा होताच. आकांक्षाने रिकाम्या कॅरेटात पोते अंथरले आणि कॅरेट काट्यावर ठेवून त्याचा आकडा शून्यावर आणला. आबांनी स्वतः बुंदीला उचलले. उचलतानाच त्यांचा चेहरा बदलला. काट्यावर चार आणि थोडे वर, असा आकडा स्थिर झाला.

आबांनी काट्याला टिचकी मारली. आकडा हलला नाही.

"रोज हातात घेत होतो," ते सावकाश बोलले. "रोज थोडी थोडी कमी होत गेली, म्हनून हाताले समजलं नाई."

आता बोलायची वेळ होती, आणि बोलणे कठीण होते. प्रतीक्षा त्यांच्या पायाशी बसली. जवळच्या धडधाकट शेळीची पापणी तिने उलटून दाखवली. आत डाळिंबासारखी लाली होती. मग बुंदीची पापणी उलटली. ती आतून कागदासारखी पांढरी होती; रक्त जंतांनी पिऊन टाकले होते. डॉक्टरांनी सांगितलेले सर्व तिने हळू आवाजात, दोष कोणावर न ठेवता सांगितले; आणि आपण काल रात्री चोरून पाणी पाजले, हेही सांगून टाकले.

आबांनी पुढे वाकून बुंदीची पापणी स्वतः उलटून पाहिली. "म्हंजे तिच्या भावाले मीच..." त्यांनी वाक्य पुरे केले नाही.

आकांक्षा उठली आणि त्यांच्या मांडीला टेकून बसली. "तुमी त्याले मायेनं चारत होते आबा," ती म्हणाली. "त्याले मालूम आहे ते."

आबांनी बाटलीचे बूच घट्ट लावले आणि ती मामींच्या हाती दिली. मग डोळे पुसून त्यांनी कडक आवाजात फर्मावले, "बसले काय असे? पानी आना तिच्यासाठी."

दुपारी डॉक्टर आल्या. काट्यावरचा आकडा पाहून त्यांनी मोजके औषध सुईविना पिचकारीने बुंदीच्या गालात सोडले. पुढची मात्रा केव्हा, हे त्या स्वतः विष्ठा तपासून ठरवणार होत्या. त्यांनी गोठ्यात चुना टाकवला. चरायला न्यायचे ते दव वाळल्यावर, आणि मेंढरे बसलेल्या तुकड्यात इतक्यात नाहीच, असे सांगितले. आबांनी सारे ऐकून घेतले. मेंढरे बसवायची रीत मोडायची काय, असे त्यांनी शेवटी विचारले. डॉक्टर म्हणाल्या की, रीत चांगलीच आहे. बसलेल्या जागी पिल्ले चारू नयेत, एवढीच तिला जोड द्यावी.

मग दिवाळी बुंदीभोवतीच साजरी झाली. घरात करंज्या तळल्या जात होत्या आणि गोठ्यात पाळीपाळीने क्षारांचे पाणी पाजले जात होते. नरकचतुर्दशीला बुंदीने मान उचलली. लक्ष्मीपूजनाला ती आईच्या दुधाला लुचली. पाडव्याला फटाक्याचा आवाज ऐकून ती दचकून उभी राहिली, आणि सागरने मग आणखी एक वाजवावा काय, असे विचारून आकांक्षाकडून धपाटा खाल्ला.

भाऊबीजेच्या सकाळी, उन्हे चांगली वर आल्यावर, गोठ्यातून आबांची हाक आली. सारे घर धावले. मामा दाढीचा साबण तसाच ठेवून आले, मामी ओवाळणीचे तबक घेऊन आल्या. आबा गुडघ्यांवर बसले होते आणि त्यांच्या उघड्या तळहातावर काही काळे, गोल, टणक दाणे होते.

"लेंड्या," आबा म्हणाले. "बांधून आल्या. पाहा, एकेक कशी मोत्यासारखी हाय!"

आणि त्यांनी ते मोती, किळस न करता, एकेकाला दाखवले. सागरने नाक दाबले. पण पाहिले मात्र नीट.

मग आबांनी हात धुतले, काठी टेकून उभे राहिले आणि तिन्ही मुलांना जवळ घेतले. "इतकी गुरं बरी केली म्या," ते मामांना म्हणाले, "पन ह्या पोराइनं मले बरं केलं. देवीदास, आजपासून ह्या घरात जनावराले औषध द्याचं, तर आधी काट्यावर चढवाचं."

बुंदी तोवर ओसरीवरच्या खाटेवर चढली होती. तिने एकदा सर्वांकडे पाहिले, चारही पाय जुळवले आणि खाली उडी मारली.