दाबदिवा

"घे रे अजून एक," म्हणत शरयूताईंनी भावाच्या पानात सांज्याची पोळी वाढायला हात पुढे केला आणि टेबलावरचा दाबदिवा तांबडा झाला. त्यांनी हात मागे घेतला.

ते वाटीएवढं यंत्र बोलणाऱ्याचा स्वर आणि ऐकणाऱ्याच्या हृदयाचे ठोके टिपायचं. एकाच्या बोलण्याचा दुसऱ्याच्या मनावर दाब पडतोय असं वाटलं, की तांबडं व्हायचं. त्याने भलंही पुष्कळ केलं होतं. मुलींना बोहल्यावर ढकलणारे काका-मामा गप्प झाले, पोरं हवं ते शिकू लागली. जेवणावळींतून मात्र आग्रह हद्दपार झाला. वाढपी एकदाच विचारून पुढे जायचे आणि भिडस्त माणसं अर्धपोटी उठायची.

दिवा ज्या सिद्धांतावर बेतला होता, तो खुद्द शरयूताईंचा. माणूस स्वतःच्या निवडीने जगला तरच फुलतो, असं त्यांनी मांडलं होतं. त्यासाठी आपल्या माणसांची जवळीकही लागते, असं त्याच सिद्धांतात पुढे होतं. तेवढं लोकांनी सोडून दिलं. शरयूताई व्याख्यानांतून त्यावर कुरकुरायच्या आणि घरी दिव्याकडे बघून बोलायच्या.

जेवणं झाल्यावर त्या बायको गेल्यापासून एकट्या पडलेल्या धाकट्या भावाला, दिगंबरला म्हणाल्या, "आता सुमन नाही. एकटा कशाला राहतोस? इथेच ये."

"नको ताई, तुला कशाला त्रास?"

पुन्हा म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, तोच दिवा तांबूस झाला. "तुझी इच्छा," म्हणून त्या थांबल्या. आपण भावाच्या निर्णयाचा मान राखला, याचा त्यांना जरा अभिमानही वाटला.

दिगंबर घर विकून भोरजवळच्या वृद्धाश्रमात गेला. वर्षभराने शरयूताई भेटायला गेल्या, तेव्हा गप्पांच्या ओघात तो सहज म्हणाला, "तू एकदाच म्हणालीस गं. मला वाटलं, रीत म्हणून म्हणालीस."

शरयूताईंना आठवलं, तिसऱ्या आग्रहाशिवाय या भावाने कधी लाडू उचलला नव्हता. आपलं माणूस मनापासून आग्रह करतंय म्हटल्यावर ठोके आनंदानेही वाढतात, आणि यंत्राला तो फरक कळत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तरी त्यांनी यंत्राचंच ऐकलं होतं.

"माझं चुकलं रे. बॅग भर, घरी चल."

खोलीतला दिवा भडक तांबडा झाला. दिगंबर खिडकीबाहेर बघत म्हणाला, "नको ताई. आता इथली सवय झालीय."

त्यांनी पुन्हा म्हटलं. त्यानेही पुन्हा नको म्हटलं, त्याच आवाजात. त्याचा भिडेचा नकार कुठला आणि खरा कुठला, हे पूर्वी त्यांना चेहऱ्यावरून कळायचं. आता कितीतरी वर्षांत त्यांनी बोलताना समोरच्याचा चेहरा बघितलाच नव्हता. दिगंबरला इथे खरंच घर सापडलं होतं, की तो अजून तिसऱ्यांदा विचारण्याची वाट बघत होता?